जिनिव्हाच्या पंगतीत आपलं पान कुठं? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : भाऊ, मागच्या अंकात तुमी लिवलं होतं का इंटरनेटचे जागतिक नियम ठरवतानी सरकार, कंपन्या अन् 'नागरी समाज' असे तिघं बसतात. सरकार समजलं, कंपन्या बी समजल्या. पन हा नागरी समाज कोन? त्याइले कोनं निवडून देलं? आमच्या गावात फोन लावाले पान्याच्या टाकीवर चढा लागते, आमाले तं कोनी विचाराले आलं नाई.
— एक शेतकरी वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, खरं सांगतो, त्याइले कोणीच निवडून दिलं नाही. हक्कांवर काम करणाऱ्या संस्था, पत्रकार, प्राध्यापक, ग्रंथपाल, अपंगांच्या संघटना, सामुदायिक रेडिओवाले असे लोक स्वतःहून येतात, ज्याला तिकीट परवडते किंवा ज्याला कोणी फंड देते तो पोचतो, म्हणून तेलंगणा-विदर्भाच्या सीमेवरचा माणूस तिथं दिसत नाही अन् युरोपातला दिसतो. तुमचा आक्षेप काही सरकारंही घेतात, फक्त त्यांचा हेतू वेगळा असतो, त्यांना टाकीवरच्या माणसाला आत आणायचं नसते, जे आत आलेत त्यांना बाहेर काढायचं असते.

आता हे लोक आत आले कसे ते ऐका. संयुक्त राष्ट्रांनी माहिती समाजावर एक जागतिक शिखर परिषद घेतली, दोन टप्प्यांत, डिसेंबर 2003 ला स्वित्झर्लंडमधलं जिनिव्हा अन् नोव्हेंबर 2005 ला ट्युनिशियातलं ट्युनिस. त्याच्या आधीच महासभेच्या ठरावात लिहून टाकलं होतं की कंपन्या अन् नागरी समाजानंही यात भाग घ्यावा. वाचायला लय छान वाटते. प्रत्यक्षात काय, तर पूर्वतयारीच्या बैठकीत काही मिनिटं बोलू द्यायचं, अन् मसुद्यातल्या शब्दांवर खरी ओढाताण सुरू झाली की "आता तुम्ही जरा बाहेर थांबा". लग्नात मांडवात बसवायचं अन् देण्याघेण्याची बैठक आतल्या खोलीत करायची, तसंच.

मग नोव्हेंबर 2003 मध्ये ही मंडळी वैतागली. सरकारी मसुद्यात शब्द घुसवत बसण्यापेक्षा आपलं आपण लिहू म्हणाले, अन् 8 डिसेंबरला त्यांनी स्वतःचा वेगळा जाहीरनामा एकमतानं मंजूर केला. सरकारी कागदात 'माहिती समाज' एकवचनी होता, यांनी मुद्दाम अनेकवचन केलं, कारण घाटंजीचा अन् जिनिव्हाचा समाज एकच कसा असेल. मला विचाराल तर त्या कागदातलं हे सगळ्यात शहाणं काम.

ट्युनिसला तर गंमतच होती. यजमान सरकारचाच स्वतःच्या पत्रकारांवर अन् विरोधकांवर दाब होता, काही ट्युनिशियन कार्यकर्ते उपोषणाला बसले होते, नागरी संघटनांना बाहेर वेगळी सभा घ्यायची होती तर त्यांना जागा मिळू दिली नाही, अन् आत भाषणं कशावर, तर माहितीच्या मुक्त प्रवाहावर!

तिथं जो करार झाला त्याच्यातले दोन तुकडे बघा, सगळी मेख तिथंच आहे. 34 व्या परिच्छेदात म्हटलंय की इंटरनेटचा कारभार सरकारं, कंपन्या अन् नागरी समाज "आपापल्या भूमिकेत" करतील. बरं, भूमिका काय? ते 35 व्यात आहे, की धोरण ठरवण्याचा अधिकार सार्वभौम देशांचा अन् नागरी समाजाचं महत्त्व "विशेषतः समुदायाच्या पातळीवर". आपल्याकडं सरपंचबाई खुर्चीवर बसते, सही तिची, अन् ग्रामसभेत बोलते तिचा नवरा, तिला विचारलं तर म्हणतील, ताईचं काम बचत गटाचं, ते ती छान करते. "आपापली भूमिका" ही अशी असते. ती कोणी वाटून दिली हे विचारायचं नाही.

तरी हाती काहीच लागलं नाही असंही नाही. त्याच दोन टप्प्यांच्या मधात संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी इंटरनेटच्या कारभारावर 40 जणांचा एक कार्यगट नेमला होता, अध्यक्ष आपल्याकडचे नितीन देसाई, अन् त्यात नागरी समाजाचे लोक सरकारी माणसांच्या बरोबरीनं बसले. त्यातून पुढं इंटरनेट गव्हर्नन्स फोरम, म्हणजे इंटरनेटच्या कारभारावर चर्चा करायचं व्यासपीठ निघालं, पहिली बैठक 2006 ला अथेन्सला, 2008 ची आपल्या हैदराबादला. तिथं कोणीही उभं राहून बोलू शकते. पण तिथं निर्णय होत नाही, म्हणूनच तर बोलू देतात, असं माझं मत आहे, तुम्ही ते थोडं कडू म्हणून सोडून द्या पाहिजे तर.

याच्या उलट 2012 चं दुबई. संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेचा जुना करार नव्यानं लिहायचा होता, तिथं नागरी समाजाला स्वतःची खुर्चीच नव्हती, आत जायचं तर आपल्या देशाच्या शिष्टमंडळात नाव घालून घ्या. मसुदे बाहेर आले ते फुटून. शेवटी 89 देशांनी सह्या केल्या, भारतानं तेव्हा केली नाही. अन् 2014 ला ब्राझीलमध्ये साओ पावलोला जी बैठक झाली तिच्यात माइकच वेगवेगळे ठेवले होते, सरकारचा एक, कंपन्यांचा एक, नागरी समाजाचा एक, तंत्रज्ञांचा एक, ज्याची त्याची रांग. मंत्री असला तरी रांगेत. हे चित्र मला फार आवडते.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची घोषणा तुम्हाला माहीत असंल, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". तिथं अभ्यासगट वेगळा अन् ग्रामसभा वेगळी, अभ्यासगट विषय चिवडून काढतो, निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीनं घेते. जिनिव्हातला नागरी समाज मला त्या अभ्यासगटासारखा वाटतो, फरक एवढाच की मेंढ्यात अभ्यास करणारा माणूस ग्रामसभेतही बसलेला असतो अन् जिनिव्हात त्याला दाराशी बॅज दाखवावा लागतो.

प्रश्न : नमस्कार सर, मी गावात सेवा केंद्र चालवते. सातबारा, केवायसी, पीकविमा सगळं करते, रोज पन्नास लोकांच्या शिव्या मीच खाते. आमच्यासारख्यांना यात काही म्हणायचं असेल तर विमानाचं तिकीट कुठून आणायचं?
— एक वाचक, ता. आमगाव, जि. गोंदिया

उत्तर : ताई, विमान सोडा. फोरमच्या बैठकीत ऑनलाइन बसता येते, फी लागत नाही, 2021 पासून भारताचा वेगळा फोरमही भरतो. पण माझा सल्ला विचाराल तर पहिलं दार दिल्लीचं ठोठवा, कारण बाहेर जाऊन आपला देश काय बोलणार ते दिल्लीत ठरते. ट्रायनं, म्हणजे देशातल्या फोन-इंटरनेट कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2015 मध्ये इंटरनेटवरच्या सेवांबद्दल मतं मागवली तेव्हा 10 लाखांवर ईमेल गेले, (ते ट्रायनं लोकांच्या ईमेल पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकून दिले, केवढी बोंब झाली होती!) त्यानंतर दराच्या प्रश्नावर वेगळी मतं मागवली, अन् 8 फेब्रुवारी 2016 ला नियम आला की कुठली वेबसाइट बघता त्यावरून डेटाचा दर कमीजास्त करता येणार नाही. फेसबुकचं फ्री बेसिक्स, म्हणजे ठराविक वेबसाइटच फुकट दाखवायची योजना, त्यातच गेलं.

असा मसुदा आला की तुमच्या केंद्रातल्या अडचणी तारीख टाकून लिहा. अंगठा उमटला नाही म्हणून म्हातारी किती चकरा मारून गेली, हे जिनिव्हाच्या तज्ज्ञाला माहीत नसते, तुम्हाला असते. मोघम लिहू नका. मसुदा इंग्रजीत येतो हे खरं, ती तक्रारही उत्तरातच लिहायची.

प्रश्न : तिथं मराठी चालते का?
— एक विद्यार्थी, सिंदी रेल्वेजवळून, जि. वर्धा

उत्तर : नाही. संयुक्त राष्ट्रांच्या भाषा सहाच, अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. पण वेबसाइटच्या पत्त्यात आपली अक्षरं चालतात, 2014 पासून देवनागरीत .भारत आहे. अन् मोठ्या पातळीवर, म्हणजे पत्त्यातल्या शेवटच्या तुकड्यासाठी, कोणती अक्षरं चालतील याचे नियम ठरवायला आपल्याकडच्या नऊ लिप्यांचा एक गट बसला होता, भाषेचे अन् तंत्राचे जाणकार, स्वयंसेवक म्हणून. हिंदीला जे लागत नाही ते मराठीला लागते हे त्यांना मांडावं लागलं, तेव्हा आपल्या ऱ्य अन् ऱ्ह ला त्या नियमांत जागा मिळाली. नाहीतर 'शेतकऱ्यांचा' हा शब्द लिहितानाच अडला असता.