नवा ‘सेंट ट्रिनियन्स’ खरंच वाईट आहे, की जुन्या प्रेक्षकांची कुरकुर आहे?

तुम्ही विचारलंय की २००७ चा ‘सेंट ट्रिनियन्स’ बघताना तुम्हाला मजा आली, पण १९५४ चा मूळ चित्रपट पाहिलेली मंडळी त्याचं नाव काढलं की नाक मुरडतात, ते का? आणि त्यांचं बरोबर आहे का? माझ्या मते त्यांच्या तक्रारी तीन आहेत. त्यातल्या दोनांत फारसा दम नाही. तिसरीत आहे, पण ती त्यांना नीट मांडता येत नाही, म्हणून सगळा राग पहिल्या दोनांवर निघतो.

‘सेंट ट्रिनियन्स’ ही उनाड मुलींची एक काल्पनिक ब्रिटिश शाळा, आणि हे प्रकरण मुळात सिनेमाचं नाही, व्यंगचित्रांचं आहे. ब्रिटिश व्यंगचित्रकार रोनाल्ड सर्ल यांचं या शाळेवरचं पहिलं चित्र १९४१ मध्ये ‘लिलिपुट’ मासिकात आलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं, सर्ल जपान्यांच्या कैदेत गेले, ब्रह्मदेशाच्या रेल्वेवर वेठबिगारी केली आणि तिथे जीव धोक्यात घालून सोबतच्या कैद्यांची चित्रं काढून लपवून ठेवली. ती आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. सुटून आल्यावर याच माणसाने पुन्हा शाळकरी पोरी काढायला घेतल्या. काडीसारखे पाय, शाईने माखलेले झगे, हातात हॉकी स्टिक आणि चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही. आपल्याकडे इंग्रजी शाळांत शिकलेल्या अनेकींनी एनिड ब्लायटनचं ‘मॅलरी टॉवर्स’ वाचलेलं असेल. मध्यरात्रीची मेजवानी, सच्ची मैत्री, खेळाडू वृत्ती वगैरे. सर्लच्या पोरी म्हणजे त्या सगळ्या सोज्ज्वळपणाला दाखवलेला अंगठा.

आता पहिली तक्रार: ‘अ‍ॅलिस्टर सिमची सर कुणाला येणार?’ मूळ चित्रपटात मुख्याध्यापिका मिलिसेंट फ्रिटन आणि तिचा घोड्यांवर पैजा घेणारा भाऊ क्लॅरेन्स, दोन्ही सिमनेच केले होते. पुरुषाने बाईचं काम करणं आपल्याला नवं नाही. ‘मोरूची मावशी’ हीसुद्धा आचार्य अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’ या ब्रिटिश प्रहसनावरूनच बेतली होती. पण विजय चव्हाणांची मावशी हसवते ती आत पुरुष आहे हे आपल्याला क्षणभरही विसरू न देता. सिम नेमकं उलट करतो. त्याची मिस फ्रिटन ही खरीखुरी, जरा थकलेली, कर्जात बुडालेली, अदबशीर बाई आहे, आणि ती शाळेचे उरलेसुरले पैसे घोड्यावर लावते तेही अगदी शालीनपणे. तिचं एक वाक्य ब्रिटनमध्ये अजून लोकांच्या तोंडी आहे. त्याचा आशय असा, की इतर शाळांतल्या मुली निर्दय जगात तयारीविना जाऊन पडतात. आमच्या मुली बाहेर पडतात तेव्हा तयारी त्या निर्दय जगाने करून ठेवायची असते.

नव्यात रुपर्ट एव्हरेटने तीच परंपरा चालवली आहे. मुख्याध्यापिका कॅमिला आणि तिचा भाऊ कार्नाबी, दोन्ही तोच. नाव आणि केसांची ठेवण बघून राजघराण्यातली कॅमिला आठवली नाही तर नवल. एव्हरेट सिम नाही, मान्य. त्याची कॅमिला जास्त भडक आहे. पण कॉलिन फर्थच्या शिक्षणमंत्र्याशी तिचं जुनं प्रेमप्रकरण उकरून निघतं, ते प्रसंग सगळ्या चित्रपटात सर्वांत चोख जमलेत. तिच्या कुत्र्याचं नाव मिस्टर डार्सी. तो मंत्र्याच्या पायाला लगट करायला लागला तेव्हा मी सोफ्यावर लोळून हसले, आणि बाजूला बसलेली माझी लेक माझ्याकडे ‘हिला काय झालं’ अशा नजरेने बघत होती. फर्थने १९९५ च्या बीबीसीच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेत नायक मिस्टर डार्सीच केला होता, हे तिला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. तर दिग्दर्शकद्वयीने, म्हणजे ऑलिव्हर पार्कर आणि बार्नबी थॉम्पसन यांनी, आयांसाठीही खाऊ ठेवला होता. रसेल ब्रँडच्या फ्लॅश हॅरीबद्दल मात्र मी वकिली करणार नाही. जॉर्ज कोलने मूळ भूमिकेत नुसत्या चालण्यातून जो लबाड दलाल उभा केला, त्याच्यापुढे हा फारच आळसटलेला वाटतो.

दुसरी तक्रार तोकड्या स्कर्टांची: ‘आमच्या वेळी हा चित्रपट निरागस होता.’ नव्हता हो! १९५४ मध्येच वरच्या वर्गातल्या मुली काळे स्टॉकिंग आणि आखूड झगे घालून ठुमकत होत्या आणि मोठ्या माणसांच्या माना वळत होत्या. खालच्या वर्गातल्या मुली रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जिन गाळत होत्या. नव्यात त्या जागी व्होडका आली, एवढंच. तरी या तक्रारीत थोडं तथ्य आहे. मूळ चित्रपटात हे नखरे एका कोपऱ्यात होते, नव्यात ते जाहिरातीच्या पोस्टरवर आले. ब्रिटनमध्ये त्याला १२ए प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबतच प्रवेश. प्रत्यक्षात बघायला गर्दी झाली ती साधारण त्याच वयाच्या मुलींची. गर्ल्स अलाऊड हा मुलींचा पॉप बँड त्या वेळी जोरात होता, त्याच शाळेचा बँड म्हणून चित्रपटात आहेत. समीक्षकांनी झोडपला, तिकिटं खपली, आणि २००९ मध्ये दुसरा भागही आला.

तिसरी, खरी तक्रार. मूळ चित्रपट आपण मोठ्यांच्या नजरेतून बघतो. सुट्टी संपून पोरी परतणार म्हटल्यावर गावात घबराट उडते. शिक्षण खात्याने पाठवलेले तपासनीस बेपत्ता होतात आणि नंतर शाळेतच मजेत राहताना सापडतात. जॉइस ग्रेनफेलची पोलीस सार्जंट खेळाची शिक्षिका बनून हेरगिरीला येते आणि तिची दमछाक होते. पोरी मध्यभागी नाहीतच. त्या येतात टोळधाडीसारख्या, आणि त्यांना समजून घ्या असं कुणी म्हणत नाही. त्यांना पैज जिंकायची असते, बस्स.

नव्यात आपण कुणाच्या बाजूने आत शिरतो? अ‍ॅनाबेलच्या. ती चेल्टनहॅमच्या उच्चभ्रू शाळेतून आलेली, भेदरलेली, चांगली मुलगी. मग तिला शाळेतले कंपू दाखवले जातात, प्रत्येक कंपू तिला आपल्या पद्धतीने नटवतो, आणि हळूहळू ती ‘आपली’ होते. बँक शाळेला टाळं लावायला निघते, म्हणून पोरी लंडनच्या नॅशनल गॅलरीतून व्हर्मीरचं ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’ हे चित्र चोरायचा बेत करतात, तेही स्टीफन फ्रायच्या प्रश्नमंजूषेची आड घेऊन. बेत झकास आहे. पण बघा, चोरीसुद्धा आता सत्कार्यासाठी! शाळा वाचवायची म्हणून. सर्लच्या पोरींनी असल्या कारणाला तोंडभर हसून घेतलं असतं.

म्हणून जुना प्रेक्षक हिरमुसतो. त्याला ज्यांची भीती वाटायला हवी होती, त्यांच्यावर माया करायला सांगितलं जातंय. आणि नेमकं त्याच कारणाने माझ्या लेकीला आणि तिच्या मैत्रिणींना तो आवडला. तिला नंतर मी मूळ चित्रपट लावून दिला, तर अर्ध्या तासाने विचारते, ‘आई, यात मुलींची गोष्ट कधी सुरू होणार?’ प्रश्न अगदी बरोबर होता. १९५४ च्या चित्रपटात मुलींना धड स्वतःची अशी गोष्टच नाही. सगळे मोठे विनोदी नट मोठ्यांच्या भूमिकांत, मुली म्हणजे गोंधळ. नव्यात जेमा आर्टरटनची हेड गर्ल केली जोन्स योजना आखते, हुकूम सोडते, चित्रपट पुढे नेते. ही भर खरी आहे, आणि नाक मुरडणाऱ्यांपैकी कुणी ती मान्य केल्याचं मी ऐकलेलं नाही.

जुन्या पोरींची खूण नव्यात एकाच ठिकाणी उरली आहे, टारा आणि टानिया या चिमुरड्या जुळ्यांमध्ये. स्फोटकं हा त्यांचा विषय. त्या दोघी कुणाला आवडाव्यात म्हणून धडपडत नाहीत, कुणाला काही समजावत नाहीत. पूर्ण चित्रपट त्यांच्या उंचीवरून काढला असता तर जुनी मंडळीही गप्प बसली असती, असं मला वाटतं.

तुम्ही अजून मूळचा पाहिला नसेल तर जरूर पाहा, पण नव्याशी ताडून बघायला म्हणून नको, सिमसाठी पाहा. आणि याच मालिकेतला १९८० चा ‘वाइल्डकॅट्स’ कुणी आग्रहाने सुचवला तर टाळा. नव्याला नावं ठेवणारे तो सोयीस्करपणे विसरतात. तो तर मूळ चित्रपटाच्या दिग्दर्शकाने, फ्रँक लाँडरनेच, काढला होता.