१९३१ची जनगणना वाचायला घेताय?

विवाहवयाचा अभ्यास इथूनच सुरू करा, पण आकड्यांवर लगेच विसंबू नका. १९२१च्या तुलनेत विवाहित मुलींची संख्या एकदम वाढलेली दिसेल. कारण तारखांत आहे. बालविवाहाला बंदी घालणारा सारडा कायदा सप्टेंबर १९२९मध्ये मंजूर झाला, लागू झाला १ एप्रिल १९३०ला. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी पोरींची लग्नं घाईघाईने उरकली. फेब्रुवारी १९३१मध्ये प्रगणक दारात आले तेव्हा त्या सगळ्या 'विवाहित' म्हणून नोंदल्या गेल्या. चार-पाच वर्षांच्या मुलीसुद्धा. हे वाचताना अजूनही पोटात कालवतं.

मात्र 'विवाहित' म्हणजे नांदायला गेलेली असं धरू नका. न्हाण येईपर्यंत मुलगी बहुधा माहेरीच असे. जननदर काढताना हे अंतर विसरलात तर सगळा हिशेब चुकतो.

वयाचं तर विचारूच नका. जन्मतारीख ठाऊक कुणाला? 'प्लेगच्या साली झाली', एवढंच. म्हणून वीस, पंचवीस, तीस अशा गोल वयांवर गर्दी होते. त्यातही १९३१चे छापील वयोगट ही गर्दी काढून सारखे केलेले आहेत. १९२१शी तुलना करण्याआधी अहवालातलं वयाचं प्रकरण नीट वाचा.