सुगरण घरटे विणते ते 'कशासाठी' आणि 'कशामुळे'?

विचारणा अशी आहे. शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या एका लेखात 'मादीला आकर्षित करण्यासाठी नर सुगरण घरटे विणतो' असे वाक्य होते. पक्ष्याला हेतू नसतो, म्हणून 'साठी' चालणार नाही, असे सांगून संपादकांनी ते 'मादीच्या आकर्षणामुळे नर सुगरण घरटे विणतो' असे बदलले. यांपैकी कोणते वाक्य ग्राह्य मानावे, आणि प्राण्यांच्या वर्तनाविषयी लिहिताना 'साठी' सरसकट टाळावे का?

माझ्या मते मूळ वाक्य ठेवावे. संपादकांची शंका रास्त आहे. पण त्यांनी केलेल्या बदलामुळे वाक्याचा अर्थच पालटला. मादी दिसली, तिची ओढ लागली आणि त्या ओढीने नर विणू लागला, असा बदललेल्या वाक्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात पावसाळ्याच्या सुमारास नर सुगरण आधी घरट्याला हात घालतो आणि माद्या नंतर येतात. सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण करून 1931 मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात हा क्रम स्पष्ट आहे. नर अर्धेमुर्धे घरटे विणून तयार ठेवतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीने पसंत केले तर तो अंड्यांची खोली आणि प्रवेशाची लांब नळी विणून ते पुरे करतो, आणि मग दुसऱ्या घरट्याकडे वळतो. नापसंत झालेली घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. (मराठीत पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी असल्यामुळे विणण्याचे सारे श्रेय मादीला जाते, हेही येथे नोंदवायला हवे.)

आता व्याकरणाकडे येऊ. आपली व्याकरणे 'साठी', 'करिता', 'प्रीत्यर्थ', 'स्तव' यांना हेतुवाचक शब्दयोगी अव्यये म्हणतात आणि 'मुळे', 'योगे', 'द्वारा' यांना करणवाचक म्हणतात. 'हेतुवाचक' या संज्ञेमुळेच 'साठी' आले की कोणाच्या तरी मनात हेतू असलाच पाहिजे, अशी समजूत होते. बोलण्यात मात्र आपण तसे मानत नाही. 'दात चावण्यासाठी असतात', 'बाभळीचे काटे संरक्षणासाठी असतात' ही वाक्ये कोणालाही खटकत नाहीत आणि बाभळीला मन आहे असेही त्यांतून कोणी समजत नाही. 'साठी' हेतू दाखवते तसेच कार्य किंवा उपयोगही दाखवते. याउलट 'पिकांसाठी पाऊस पडतो' हे वाक्य भक्तिभावाने म्हटले तर शोभते, पण हवामानशास्त्राच्या पुस्तकात चुकीचे ठरते. काट्याला 'साठी' चालते आणि पावसाला चालत नाही, हा फरक जीवशास्त्रातून आलेला आहे. ज्या झुडपांना काटे होते त्यांची पाने जनावरांच्या तोंडून वाचली, त्यांचे बी अधिक रुजले, आणि म्हणून आज काटे दिसतात. काट्याचा उपयोग हेच काटे टिकून राहण्याचे एक कारण आहे. पिकांना लाभ झाला म्हणून पाऊस टिकून राहिला, असे कोणत्याही अर्थाने म्हणता येत नाही. ज्या गुणाचा लाभ त्या गुणाच्या टिकण्याला कारणीभूत झाला, त्या गुणाबाबत 'साठी' लिहावे. असे झालेले नसेल तर लिहू नये. नैसर्गिक निवडीचे तत्त्व मान्य असलेल्या लेखकाला हा निकष पुरेसा आहे.

प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात या प्रश्नाची मांडणी निको टिनबर्गन यांनी 1963 मध्ये केली. पुढे 1973 चे नोबेल पारितोषिक त्यांना कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह मिळाले. कोणत्याही वर्तनाबाबत 'का?' असे विचारले की त्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे वर्तन या क्षणी शरीरातल्या आणि बाहेरच्या कोणत्या गोष्टींमुळे सुरू होते? त्या प्राण्याच्या आयुष्यात ते कसे घडत जाते? जगण्याच्या आणि प्रजननाच्या दृष्टीने त्याचा उपयोग काय? पूर्वजांपासून ते कोणत्या टप्प्यांनी आजच्या रूपाला आले? सुगरणीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऋतू, संप्रेरके आणि हाताशी असलेले हिरवे गवत यांत सापडते. दुसऱ्याचे उत्तर सरावात आहे: आफ्रिकेतल्या एका विणकर पक्ष्यावरील प्रयोगांत लहानपणी विणायला काहीच न मिळालेले नर पुढे चांगले विणू शकले नाहीत, म्हणजे विणण्याची प्रवृत्ती उपजत असली तरी कसब हातवळणीचे असते. तिसऱ्याचे उत्तर मादीच्या पसंतीत आणि पिलांच्या सुरक्षिततेत आहे, तर चौथ्याचे या कुळातील इतर पक्ष्यांच्या साध्या घरट्यांशी तुलना करून शोधावे लागते.

मराठीला येथे एक सोय आहे. नुसत्या 'का?' ऐवजी आपण 'कशामुळे?' आणि 'कशासाठी?' असे दोन वेगळे प्रश्न सहज विचारतो. टिनबर्गन यांचा पहिला प्रश्न 'कशामुळे'चा आहे आणि तिसरा 'कशासाठी'चा. दोन्हींची उत्तरे एकाच वेळी खरी असतात, एकामुळे दुसरे खोटे पडत नाही. संपादकांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या प्रत्ययात बसवले, आणि म्हणून वाक्य बिघडले. 'कारण' हा शब्द मात्र या कामी फारसा उपयोगी नाही. 'कोणत्या कारणाने ताप आला?' आणि 'कोणत्या कारणाने येणे केलेत?' या दोन वाक्यांत तो अनुक्रमे निमित्त आणि उद्देश दाखवतो. जुन्या मराठीतील 'कारणे' तर थेट 'साठी'च्या अर्थानेच येते. म्हणून अशा लेखनात 'याचे कारण असे' इथे थांबू नये. कोणत्या जातीचे कारण, ते सांगावे.

हेतूशिवायही 'साठी' खरे असू शकते, हे दाखवणारे एक उदाहरण लोरेन्झ आणि टिनबर्गन यांनी 1938 मध्ये प्रसिद्ध केले. ग्रेलॅग गूज या रानहंसाची मादी घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे चोचीच्या खालच्या बाजूने ओढून परत आणते. ती ओढत असताना अंडे काढून घेतले, तरी मान आत ओढण्याची हालचाल ती शेवटपर्यंत पुरी करते. 'अंडे परत आणावे' असा विचार तिच्या मनात असता, तर अंडे नाहीसे होताच ती थांबली असती. तरीही ही हालचाल अंडी परत आणण्यासाठीच आहे, असे आपण बिनदिक्कत म्हणू शकतो.

मात्र 'साठी' लिहिणे म्हणजे एक विधान करणे होय, आणि त्याला पुरावा लागतो. काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरही येतो. तो युरोपात वीण करतो तेव्हा पिल्लू बाहेर पडल्यावर अंड्याचे कवच चोचीत धरून दूर नेऊन टाकतो. कवचाची आतली बाजू पांढरी असते, त्यामुळे ते शिकाऱ्याच्या नजरेत भरत असावे, असा टिनबर्गन यांचा तर्क होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही अंड्यांजवळ फुटकी कवचे ठेवली, काहींपासून ती दूर ठेवली. कवच जितके जवळ, तितकी अंडी अधिक लुटली गेली. 'शिकाऱ्यांच्या नजरेपासून वाचण्यासाठी' हे शब्द या प्रयोगानंतर अधिकाराने लिहिता येतात. पुराव्याअभावी 'साठी असावे' लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते.

आता 'साठी'चे जे रूप खरोखर टाळायला हवे, त्याकडे वळतो. 'प्रजाती टिकवण्यासाठी', 'वंश चालू राहावा म्हणून' ही पालुपदे मराठीतील निसर्गविषयक लेखनात पावलोपावली भेटतात. नैसर्गिक निवड मुख्यतः व्यक्ती आणि तिची जनुके यांच्या पातळीवर चालते; संपूर्ण प्रजातीच्या भल्याचा हिशेब तेथे कोणी मांडत नाही. युकिमारू सुगियामा यांनी 1960च्या दशकात धारवाडच्या परिसरात आणि नंतर सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर वानरांच्या टोळ्या पाहिल्या. टोळीचा ताबा घेणारा नवा नर पूर्वीच्या नराची तान्ही पिल्ले मारतो, असे त्यांना आढळले. तान्हे गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची पिल्ले होण्याची संधी मिळते, असे स्पष्टीकरण हर्डी यांनी दिले. यावर पुष्कळ वाद झाला, पण पुढे इतर अनेक प्राण्यांतही असे वर्तन दिसल्याने ते स्पष्टीकरण बळकट होत गेले. हे वर्तन प्रजातीच्या हिताचे आहे असे कोणत्याही रीतीने म्हणता येत नाही. म्हणून 'प्रजाती टिकवण्यासाठी' हे शब्द दिसले की खोडावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक सूक्ष्म भेद येथे पाळण्यासारखा आहे. '-ण्यासाठी' आणि '-वे म्हणून' ही रूपे आपण अदलाबदलीने वापरतो, पण ती समानार्थी नाहीत. 'ऊस गाळण्यासाठी चरक फिरतो' हे वाक्य सहज वाटते. 'ऊस गाळला जावा म्हणून चरक फिरतो' असे म्हटले की चरकालाच ऊस गाळायची इच्छा झाल्यासारखे वाटते. विध्यर्थी रूपातून कोणाची तरी इच्छा डोकावते. त्यामुळे 'मादीने यावे म्हणून नर विणतो' हे वाक्य मी टाळेन आणि 'मादीला आकर्षित करण्यासाठी' हे ठेवेन. 'च्या हेतूने', 'च्या इराद्याने', 'मुद्दाम' हे शब्दही अशा ठिकाणी नकोत. क्रियापदांबाबत मात्र फार कडक राहता येत नाही. 'कोकिळा कावळ्याला फसवते' यातील 'फसवणे' मानवी व्यवहारातून आलेले असले, तरी कावळा परक्या अंड्यावर बसतो हे घडलेले फळ ते अचूक सांगते. 'कोकिळा आळशी आहे म्हणून घरटे बांधत नाही' हे मात्र स्वभावाचे प्रमाणपत्र झाले. त्यातून 'कशामुळे' कळत नाही आणि 'कशासाठी'ही कळत नाही.

प्रश्नातील वाक्याला शंकेचा वावच ठेवायचा नसेल, तर ते असे लिहिता येईल: 'पावसाळ्याच्या सुमारास शरीरात होणाऱ्या बदलांमुळे नर सुगरण घरटे विणू लागतो, चांगले विणलेले घरटे मादी पसंत करते, आणि असे घरटे विणणाऱ्या नरांची पिल्ले पिढ्यानपिढ्या अधिक वाढल्यामुळे हे कसब टिकून राहिले आहे.' लहान मुलांच्या लेखात एवढे लांब वाक्य जड वाटले, तर मूळचे 'मादीला आकर्षित करण्यासाठी' हेच निःशंक छापावे.