कायदेविषयक सल्ला: फ्यूज बदलला, आवाज तोच राहिला

प्रश्न : अ‍ॅम्प्लिफायरमधला साधा फ्यूज काढून मी ऑनलाइन मागवलेला महागडा ‘ऑडिओ ग्रेड’ फ्यूज बसवला. ‘पार्श्वभूमीचा गोंगाट ६ डेसिबलने कमी, प्रयोगशाळेत सिद्ध’ अशी जाहिरात होती. मला काहीच फरक जाणवला नाही. विक्रेता म्हणाला, ‘२०० तास वाजू द्या, मग खुलेल.’ तोवर परतीची १५ दिवसांची मुदत संपली. मूळ फ्यूज ३.१५ अँपिअरचा होता, पण ‘५ चा घ्या, आवाज मोकळा होतो’ असा मेसेज त्यानेच केला होता. आता एक चॅनेल (एका बाजूच्या स्पीकरचा आवाज) गेला, ट्रान्सफॉर्मर जळाला आणि फ्यूज पाहून सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली. पैसे कोणाकडून मिळतील?

उत्तर : फ्यूजचे पैसे विक्रेत्याकडून मिळण्याची शक्यता चांगली आहे. अ‍ॅम्प्लिफायरचं प्रकरण अवघड आहे, त्याकडे नंतर येतो.

‘आवाज सुधारतो की नाही’ हा वाद ग्राहक आयोगापुढे नेऊच नका. तुम्ही म्हणाल फरक पडला नाही. सामनेवाले खूश ग्राहकांच्या अभिप्रायांचा गठ्ठा हजर करतील आणि दोष तुमच्या खोलीला, स्पीकरला, शेवटी कानांना देतील. त्या वादात तक्रारदार हरतो. तुमची तक्रार जाहिरातीतल्या एका वाक्याविरुद्ध असली पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. वस्तूच्या कामगिरीची किंवा परिणामकारकतेची जी हमी पुरेशा किंवा योग्य चाचणीवर आधारलेली नाही, ती देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. चाचणी झाली होती असा बचाव कोणी घेतला, तर ती सिद्ध करण्याचा भार बचाव घेणाऱ्यावरच असल्याचं त्याच तरतुदीत स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे फ्यूज निरुपयोगी आहे हे तुम्ही दाखवत बसायचं नाही. ६ डेसिबल कुठून आले ते त्यांनी दाखवायचं. नोटिशीत एवढंच विचारा : कोणत्या प्रयोगशाळेत, कधी, कोणत्या उपकरणावर मोजलं, आणि कशाशी तुलना केली? अहवालाची प्रत मागा. उत्तर आलं नाही तर ते मौनही तक्रारीला जोडा.

जाहिरातीतलं सगळंच मात्र उचलू नका. ‘संगीत जिवंत होतं’, ‘पडदा दूर होतो’ ही विक्रेत्याची बढाई, आणि बढाईवर दावा सहसा टिकत नाही. इंग्लंडमधल्या १८९३ च्या कार्लिल खटल्यात, ‘आमची गोळी वापरूनही फ्लू झाला तर बक्षीस’ अशी जाहिरात करणाऱ्या धुराच्या गोळीच्या कंपनीने ‘ती नुसती बढाई होती’ असंच म्हटलं होतं. पण बक्षिसासाठी बँकेत १००० पौंड ठेवल्याचं जाहिरातीतच छापलं होतं, त्यामुळे तो बचाव कोसळला. तुमच्या प्रकरणात ते वजन ‘६ डेसिबल’ आणि ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ या शब्दांना आहे.

प्रतिज्ञापत्रात तांत्रिक भाग दोन परिच्छेदांत आटपा. तुमचा फ्यूज पॉवर सॉकेटजवळ, ट्रान्सफॉर्मरच्या आधी आहे. गाण्याचा सिग्नल त्यातून जातच नाही. त्याच्यावर छापलेला दिशादर्शक बाण तर कमालच आहे : ५० हर्ट्झच्या एसी पुरवठ्यात विद्युतप्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. समोरचा वकील हुशार असेल तर म्हणेल की स्पीकरच्या वाटेतला फ्यूज तापतो, त्याचा रोध बदलतो आणि खालच्या स्वरांत किंचित विकृती येते. ते खरं आहे आणि मोजताही येतं. पण ती जागा वेगळी. त्यासाठी तुमच्या फ्यूजची जागा दाखवणारा फोटो जोडा.

गरज पडली तर कलम ३८ खाली आयोग नमुना सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचं शुल्क तुम्हाला भरावं लागू शकतं, म्हणून ही मागणी पहिल्याच दिवशी करू नका.

परतीच्या मुदतीचा बाऊ नको. २०० तासांआधी परिणाम कळत नाही हे विक्रेत्याचंच म्हणणं. रोज तीन तास ऐकणाऱ्याला त्याला दोन महिन्यांहून अधिक लागतात, आणि परतीला १५ दिवस! माल परत घेणं टाळण्यासाठीच ग्राहकाला झुलवत ठेवलं, असं तक्रारीत लिहा. शिवाय ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला जाहिरातीप्रमाणे गुण नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही.

आता अ‍ॅम्प्लिफायर. कंपनीविरुद्ध तुमची बाजू कमकुवत आहे, हे स्पष्ट सांगतो. फ्यूजची क्षमता सहसा सॉकेटशेजारीच छापलेली असते आणि तुम्ही ती ओलांडली. पण मोठ्या फ्यूजमुळे चॅनेल सहसा मरत नाही. बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर (त्या चॅनेलच्या स्पीकरला वीज पुरवणारा भाग) आधी शॉर्ट झाला, ३.१५ चा फ्यूज तिथेच उडाला असता, ५ चा तग धरून राहिला आणि ट्रान्सफॉर्मर भाजून निघाला. असं असेल तर चॅनेलची दुरुस्ती वॉरंटीत मागता येते, ट्रान्सफॉर्मरची नाही. म्हणून नकार कारणांसह लेखी घ्या आणि कोणता भाग कशामुळे गेला ते तंत्रज्ञाकडून लिहून घ्या. त्या कागदाशिवाय पुढे जाऊ नका.

ट्रान्सफॉर्मरचा खर्च विक्रेत्याकडे मागा, आधार त्याचा ‘५ चा घ्या’ हा मेसेज. छापील सूचना डावलून ग्राहकाला जास्त क्षमतेचा फ्यूज सुचवणं हा निष्काळजीपणाच आहे, आणि इथे तर पैशांबरोबर आगीचाही धोका होता. सूचना तुम्हीही वाचली नाही म्हणून आयोग भरपाई कमी करू शकतो. ती तयारी ठेवा. मेसेज असलेला फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. फोनमधला मेसेज पुरावा म्हणून दाखल करायला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल. त्याचा मसुदा माझ्यासारख्या कोणाही वकिलाकडून तयार करून घ्या, सही मात्र तुमची आणि तज्ज्ञाची लागते. बाकी वकील सक्तीचा नाही.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्हा आयोगात करता येते, विक्रेता कुठेही असो. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी तुम्ही मोजलेली किंमत, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दंड करता येतो. तिकडेही कळवा, पण त्या दंडातून तुम्हाला काही मिळणार नाही.

आणि सर्व्हिस सेंटरमधून तो फ्यूज आजच परत मागा. बदललेले भाग तिथे कचऱ्यात जातात, आणि तुमचा मुख्य पुरावा तोच आहे. पाकिटात बंद करून त्यावर तारीख घाला आणि तंत्रज्ञाची सही घ्या.