अंगठा लागत नाही, असं म्हणाले ना ते?

ताई,
मी कोल्हापूरची, वय 43, खासगी नोकरी. रोज सकाळी एसटी स्टँडवरून इचलकरंजीची गाडी धरते. तिथल्या कट्ट्यापाशी एक आजोबा बसलेले असतात. वर्ष झालं, मी त्यांना रोज 10 रुपये देते आणि घरात त्यावरून रोज वाद होतो. यजमान म्हणतात, सगळे दारूत जातात, शिवाय आता भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. जाऊबाईंचं म्हणणं, पैसे नको, बिस्किटाचा पुडा दे. मुलगी दहा वर्षांची आहे. ती विचारते, "आई, तू त्यांनाच का देतेस, बाकीच्यांना का नाही?" दिले तर आपण भीक मागायला उत्तेजन देतोय असं वाटतं, नाही दिले तर दिवसभर चुटपुट लागते. आजोबा बोलायला बरे आहेत. छातीशी एक कापडी पिशवी असते, तिला कुणाला हात लावू देत नाहीत. यजमानांना वाटतं, त्यात नोटाच असणार. (परवा म्हणत होते, शिरोलीला फाउंड्रीत होतो, पेन्शन यायची, अंगठा लागत नाही म्हणून दोन-अडीच वर्षांपूर्वी बंद पडली. खरं-खोटं देव जाणे, मी घाईत होते.) मी काय करावं?
– द्विधा

बाई,

तुमच्या चुटपुटीला अख्खं पत्र आणि त्या माणसाच्या पेन्शनला एक कंस! देव जाणेल तेव्हा जाणेल, पण पासबुक आत्ता सांगेल.

आधी तुमचे प्रश्न संपवू, त्यांना फार वेळ लागत नाही. 10 रुपये द्या. त्यात दारू येत नाही, चहा येतो. बिस्किटाचा पुडा देण्यात वाईट काही नाही, पण पुडा दाखवून कुणी संडास-अंघोळीला आत सोडत नाही. तिथे सुट्टे पैसेच लागतात. गुन्ह्याचं म्हणाल तर यजमानांनी इंदूरची बातमी वाचलेली दिसते. 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावर गुन्हा दाखल करायचं तिथल्या प्रशासनाने ठरवलं. आपल्याकडे 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. तो मागणाऱ्याला आणि त्याला मागायला लावणाऱ्याला धरतो, देणाऱ्याला नाही. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे सध्या नाही, तेव्हा उगाच काहीतरी बनवून सांगू नका.

आता कंसातल्या ओळीकडे या.

फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला असलेला माणूस वर्षानुवर्षं साच्याची वाळू हाताळतो. बोटांच्या रेषा घासून गुळगुळीत होतात. त्यात म्हातारपणी कातडी कोरडी पडते, सैल होते. मशीनवर अंगठा ठेवला की मशीनला काही दिसतच नाही. कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला पीएफची पेन्शन असते, 1995 च्या योजनेतली. ती चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंगठा लागला नाही की दाखला होत नाही आणि दाखला नसला की पेन्शन थांबते. आजोबांनी तुम्हाला अगदी बरोबर कारण सांगितलंय, तेही एका वाक्यात. थापा मारणारा माणूस आजारी बायको सांगेल, हरवलेलं पाकीट सांगेल. "अंगठा लागत नाही" हे त्याला सुचायचं नाही.

आणि ही पेन्शन थांबते, मरत नाही. दाखला दिला की पुन्हा चालू होते आणि मधल्या महिन्यांची थकबाकीही मिळते. सप्टेंबर 2014 पासून या योजनेत किमान पेन्शन महिना 1,000 रुपये आहे. अडीच वर्षं धरली तर 30 महिने. कमीत कमी 30,000 रुपये त्या माणसाचे स्वतःचे, कष्टाचे, अडकून पडलेत. तुम्ही कामाच्या दिवशी 10 रुपये देता, म्हणजे महिन्याला अडीचशे. एवढे द्यायला तुम्हाला दहा वर्षं लागतील.

म्हणून उद्या 10 रुपये देऊन पुढे पळू नका. एक गाडी चुकवा आणि शेजारी बसा. उभ्याने, वाकून विचारू नका, माणूस चौकशी समजून गप्प होतो. पहिला प्रश्न एकच: "आजोबा, पेन्शन कुठल्या बँकेत यायची?" बँकेचं नाव फटकन आलं की पुढचं सोपं. मग विचारा, ती पीएफची होती की तहसीलमधून मिळणारी. तहसीलची म्हणाले तर ती श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजना. तिथेही हयातीचा दाखला लागतोच, फक्त रस्ता तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेकडे जातो. श्रावणबाळ योजना 65 वर्षांपुढच्यांसाठी आहे, रक्कम महिना 1,500 रुपये, उत्पन्नाची अट वर्षाला 21,000. पण फाउंड्री म्हणालेत, तेव्हा पीएफचीच असणार.

ती पिशवी. तिच्यात नोटा असतील तर असोत. पण रस्त्यावर राहणारा माणूस एवढं जपतो ते बहुतेक वेळा कागद असतात: पासबुक, आधार, कंपनीचं पत्र. पिशवी मागू नका, "पासबुक आहे का जवळ?" एवढंच म्हणा. त्यांनी काढून दिलं तर त्यांच्यासमोरच बघा आणि लगेच परत द्या. कागद "नीट ठेवते" म्हणून घरी न्यायचे नाहीत. फोटो काढायचा तर विचारून, फक्त कागदाचा. आजोबांचा फोटो स्टेटसला गेला तर मी तुम्हाला पुन्हा उत्तर देणार नाही.

पासबुकात तीन गोष्टी बघायच्या: खातं क्रमांक, पेन्शनची शेवटची नोंद कोणत्या महिन्यातली आणि खात्यावर नाव कसं लिहिलंय. आधारवर "दत्तात्रय" आणि खात्यावर "दत्तू" असलं की गाडी तिथेच अडते, ते आधी कळलेलं बरं.

मग लागतो पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक. पीएफवाल्यांचा तो 12 आकडी असतो. हरवला असेल तर घाबरायचं कारण नाही. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पेन्शनरांच्या पोर्टलवर बँक खात्याच्या नंबरवरून तो शोधता येतो. खातं दुसऱ्या गावच्या शाखेत निघालं तरी हरकत नाही. 1 जानेवारी 2025 पासून ही पेन्शन केंद्रीय पद्धतीने देशभरातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत जमा होते.

आधार हरवलं असेल तर एक चूक हमखास होते, नवीन नोंदणी करायला जातात. ती करू नका. जुनं असताना दुसरं काढलं की ते यंत्रणेत दुबार ठरून नाकारलं जातं आणि दरम्यान काही आठवडे वाया जातात. आधार केंद्रात आजोबांना घेऊन जा आणि "जुना नंबर शोधून प्रिंट द्या" म्हणा. तिथे दहाही बोटं आणि दोन्ही डोळे तपासता येतात. अडलात तर 1947 ला फोन करा. पत्ता बदलायच्या भानगडीत आत्ता अजिबात पडू नका, जुना आहे तो राहू दे.

आता मुख्य काम, हयातीचा दाखला. अंगठ्याचा हट्ट सोडा. "अंगठा लागत नाही" याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की ऑपरेटरने अंगठा दोनदा दाबून बघितला आणि मागच्याला पुढे बोलावलं. कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून, थोडासा ओलावा ठेवून उरलेली बोटं एकेक करून लावायची. अंगठ्यापेक्षा अनामिका किंवा करंगळी कमी झिजलेली असते. नाहीच जमलं तर डोळ्याचं यंत्र, पण ते सगळीकडे नसतं. त्याहून सोपा मार्ग तुमच्या पर्समध्ये आहे. 2022 पासून पीएफच्या पेन्शनरांना चेहऱ्यावरूनही दाखला काढता येतो. अँड्रॉइड फोनवर दोन अॅप घ्यायची, "आधार फेस आरडी" आणि "जीवन प्रमाण". आधी तुम्ही स्वतः ऑपरेटर म्हणून तुमचा आधार क्रमांक देऊन तुमचा चेहरा दाखवायचा, तो टप्पा आदल्या रात्री घरीच उरकून ठेवा. दुसऱ्या दिवशी आजोबांची माहिती भरायची: आधार, पीपीओ नंबर, बँक खातं, आणि ओटीपीसाठी एक चालू मोबाइल.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला प्रकाशाचा. सकाळची वेळ, तोंडावर सावली नको, पाठीमागून ऊन नको, टोपी आणि चष्मा काढलेला, आणि अॅप सांगेल तेव्हा पापणी मिटायची. म्हातारी माणसं डोळे ताणून कॅमेऱ्याकडे बघत बसतात, मिटतच नाहीत, त्यांना आधी दोनदा करून दाखवा. आधारवरचा फोटो दाढीशिवायचा असेल तर दाढी करून घेतलेली बरी. दुसरा घोळ मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या रकान्यात. तिथे ईपीएफओ निवडायचं. सरकारी नोकरांच्या यादीतलं काहीतरी निवडलं किंवा पीपीओचा एक आकडा चुकला, तरी दाखला तयार होतो, नंबरही मिळतो, माणूस खूश होऊन घरी जातो आणि पीएफ ऑफिसात तो नाकारला जातो. चार-सहा दिवसांनी स्थिती तपासायचीच.

"नोव्हेंबरमध्ये या" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तो महिना सरकारी पेन्शनरांचा. पीएफची पेन्शन असेल तर दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, ही छान सोय आहे, पण ज्याला घर आहे त्याला.

चेहराही फसला तर अॅपशी झुंजत बसू नका. कोल्हापुरात पीएफचं कार्यालय आहे. तिथे आजोबांना प्रत्यक्ष घेऊन जायचं, पासबुक आणि आधार पुढे ठेवायचं आणि बायोमेट्रिक लागत नाही, कागदी दाखला घ्या, असं सांगायचं. तोंडी नाही, साध्या कागदावर अर्ज लिहून. वर पीपीओ नंबर आणि खातं क्रमांक, खाली आजोबांची सही किंवा अंगठा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का. थकबाकीही याच अर्जात मागायची.

बँकेतही एक फेरी आहे. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. केवायसीचा फॉर्म, आधार आणि फोटो दिले की ते चालू होतं आणि त्यासाठी बँकेने पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आधी खातं चालू करा. निष्क्रिय खात्यात पेन्शन जमा झाली तरी आजोबांना ती काढता येणार नाही आणि तुमची महिनाभराची मेहनत फुकट.

एवढं सगळं आजोबांनी स्वतः का नाही केलं, असं यजमान विचारतील. त्यांना म्हणावं, मळक्या कपड्यातला एकटा म्हातारा बँकेच्या काचेच्या दारापर्यंत जाऊन दाखवा. वॉचमन तिथूनच परत पाठवतो. सोबत नोकरदार बाई असली की तोच वॉचमन खुर्ची देतो. हे चीड आणणारं आहे, पण आपल्याला काम करून घ्यायचंय. त्या दिवशी तुमचा उपयोग एवढाच: शेजारी उभं राहायचं आणि "हे माझ्याबरोबर आहेत" म्हणायचं. बोलायचं आजोबांनी. त्यांना शिरोलीतल्या कंपनीचं नाव, खात्याचं नाव, साहेबाचं नाव तुमच्यापेक्षा नीट येतं. आदल्या दिवशी अंघोळ आणि दाढीचे पैसे द्या, यजमानांचा एक धुतलेला शर्ट द्या. चालेल का, हे आधी त्यांना विचारून. गाडी यजमानांनी चालवायची. दारूची एवढी काळजी आहे तर पेन्शन कुठे जाते तेही त्यांना बघू दे.

पैसे जमा झाले की खरी जोखीम सुरू होते. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाकडे 30,000 आलेत हे चार जणांना कळलं तर त्याच रात्री मारहाण होईल. सगळी रक्कम काढायची नाही. लागतील तसे पाचशे-सातशे, तेही दिवसाढवळ्या. खात्याला तुमचं नाव लावायचं नाही, एटीएम कार्ड तुम्ही सांभाळायचं नाही, पिन विचारायचा नाही. मुलगा असेल, आणि पेन्शन सुरू झाल्याचं कळताच तो अचानक उगवेल, तेव्हा मध्ये पडू नका. आजोबा "नको" म्हणाले तर बँकेत त्यांच्याबरोबर पुन्हा एकदा उभ्या राहा, बस्स.

हजार-दीड हजारात कोल्हापुरात खोली मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. आजोबा कदाचित पुढेही त्याच कट्ट्यावर दिसतील. तेव्हा तुमचे 10 रुपये चालू ठेवा, ते काही थांबवायचे नाहीत.

आणि ते "राहू दे बाळ, नको" म्हणाले तर? एकदा विचारा, आठवड्याने आणखी एकदा विचारा, तिसऱ्यांदा नाही. अशी माणसं इतक्या दारांतून परत आलेली असतात की चौथ्या दाराची त्यांना भीती वाटते. पण मला नाही वाटत ते नाही म्हणतील. तुम्ही घाईत होता, त्यांनी तरीही सांगितलं.

अर्धी रजा गुरुवारी टाका. सोमवारी बँकांमध्ये गर्दी असते आणि शनिवारवर भरवसा ठेवता येत नाही. पीपीओ नंबर सापडला की मला कळवा. नंबर पाठवू नका, सापडला एवढंच.