कडकनाथचे नर निवडताना गडबड कुठे होते?

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे 40 कडकनाथ कोंबड्या आणि 2 कोंबडे आहेत, पिल्लं घरचीच ठेवतो. दरवेळी जास्त अंडी देणाऱ्या कोंबडीचेच नर ठेवत गेलो, अंडी वाढली पण, आता मात्र अंडी उबवायच्या मशीनमधे पिल्लं कमी निघतायत आणि मरतुक वाढलीय. बाहेरून नर आणू का? – एक वाचक, जि. सांगली

उत्तर: दादा, आधी सातव्या दिवशी अंडी टॉर्चवर बघा. कोरीच (आत जीव न धरलेली) जास्त निघाली तर नराचं वय, उन्हाळा, जुनी अंडी हे तपासा. पण मशीनचं तापमान वगैरे ठीक असूनही जीव धरून मधेच मरत असतील तर मग इनब्रीडिंगचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या नर-मादीच्या पैदाशीचा, संशय घ्यायचा.

आता गंमत बघा, कोंबडा काय अंडी देत नाही, म्हणून आपण त्याची आई बघतो, आणि एका आईचे सगळे भाऊ कागदावर सारखेच भारी दिसतात, मग ठेवलेले दोन्ही नर सख्खे भाऊ निघतात आणि खाली तलंगा (तरण्या कोंबड्या) त्यांच्याच बहिणी! सख्ख्या भावाबहिणीच्या पिल्लात इनब्रीडिंग थेट 25 टक्के. भाऊ नसले तरी 2 नर 40 माद्यांवर दर पिढीला साधारण 6.6 टक्क्यांनी ते वाढतं, माद्या 80 केल्या तरी 6.4, म्हणजे काहीच फरक नाही. नर 8 केले की 1.9 वर येतं. खाद्य जास्त लागेल, लागू दे.

पण 8 नर एकाच शेडमधे सोडले तर दादागिरी करणारे एकदोनच सगळ्या माद्या धरतात, हिशोब परत तिथंच. म्हणून 4 खण करा, प्रत्येकात 10 माद्या 2 नर, पिल्लांच्या पायात खणाच्या रंगाची रिंग. तलंगा आपल्याच खणात राहतील, तरणे नर पुढच्या खणात. आणि मेन म्हणजे अख्ख्या कळपातले टॉप 8 नर निवडू नका, प्रत्येक खणातले बेस्ट दोन घ्या, तेही वेगवेगळ्या आयांचे. अंडी जरा हळू वाढतील, पण पिल्लं निघाली नाहीत तर निवडायला तरी काय राहणार?

बाहेरचा नर जरूर आणा, शुद्ध कडकनाथच, मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राकडून पिल्लं आणून वाढवली तरी चालेल. फक्त त्या रक्तात अंड्यांची निवड झालेली असेलच असं नाही, तुम्ही निवडीतून वाढवलेली अंडी परत कमी होऊ शकतात, म्हणून आधी एकाच खणात सोडा आणि त्याच्या पोरींची अंडी मोजून मगच बाकीच्या खणांचं ठरवा.