ढोल-ताशांचे दिवस आणि स्वमग्न मूल

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. तो मोजकेच शब्द बोलतो. आम्ही लालबागला चाळीत राहतो. गणपतीत ढोल-ताशे वाजू लागले की तो कान झाकून किंचाळतो, भिंतीवर डोके आपटतो. सासूबाई याला हट्ट म्हणतात. थेरपी चालू आहे. पण घरी आम्ही काय करावे? चित्रांची कार्डे दिली तर तो बोलायचाच राहील का?
– एक आई, लालबाग

उत्तर : हा हट्ट नव्हे, हे सासूबाईंना शांतपणे समजावून सांगा. हट्ट करणारे मूल हवी ती वस्तू मिळताच गप्प होते. तुमच्या मुलाला मात्र तो आवाज खरोखरच सोसवत नाही आणि ते सांगायला त्याच्याजवळ शब्द नाहीत. अशा वेळी रागावून किंवा समजूत घालून उपयोग होत नाही. त्याला आवाजापासून दूर न्यावे, कमीत कमी बोलावे, डोके आणि भिंत यांच्यामध्ये उशी धरावी आणि तो निवळेपर्यंत जवळ बसावे. आवाज नसतानाही तो डोके आपटत असेल, तर कान किंवा दात दुखत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

खरी तयारी मात्र आधीपासून करावी लागते. दात घासणे, अंघोळ, नाश्ता, थेरपी यांचे फोटो क्रमाने भिंतीवर लावावेत आणि काम झाले की तो फोटो त्याच्याच हाताने काढून डब्यात टाकून घ्यावा. पुढे काय होणार हे दिसत राहिले की अशा मुलांची धास्ती पुष्कळ कमी होते. मिरवणुकीच्या दिवशी ढोलाचा फोटोही त्या रांगेत असावा. आवाज अडवणाऱ्या हेडफोनची सवय आतापासून, घर शांत असताना लावावी, कारण ऐन गोंगाटात डोक्यावर चढवलेला हेडफोन तो भिरकावून देण्याचीच शक्यता अधिक. विसर्जनाची रात्र दूरच्या नातेवाइकांकडे काढता आली तर अवश्य काढा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

कार्डांमुळे बोलणे मागे पडत नाही, हे संशोधनातून दिसून आले आहे. त्याने पाण्याचे कार्ड हातात दिले की लगेच ‘पाणी’ एवढाच शब्द स्पष्ट उच्चारून पाणी द्यावे.

दिव्यांग प्रमाणपत्र काढले नसल्यास काढून घ्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व असल्यास 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. स्वमग्नता समूळ घालवणारे औषध आजवर निघालेले नाही. तसा दावा करणाऱ्यांवर थेरपीचे पैसे कृपया घालवू नका.